धुरजड की उलाळ? पाण्याखालच्या तोलाचा इतिहास

विषयाचं नाव फलकावर वाचून काही जणांनी मघाशी विचारलंच, की वालचंदनगरमध्ये पाणबुड्यांच्या पट्ट्यांवर आणि शिशाच्या वजनांवर व्याख्यान कशाला? इथून समुद्र केवढा लांब. खरं आहे. पण ज्यांच्या नावाने हे गाव वसलं ते वालचंद हिराचंद सोलापूरचे, म्हणजे तेही समुद्रापासून लांबचेच. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आज आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची कोनशिला 21 जून 1941 ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, आणि त्या कारखान्यातून ‘जलउषा’ 14 मार्च 1948 ला पाण्यात उतरली तेव्हा पंडित नेहरू हजर होते. कळंबच्या माळावर साखर कारखाना काढणारा माणूस हे करत होता. पुढे इथल्या कारखान्यात नौदलासाठी गिअरबॉक्स तयार झाले. तेव्हा पाण्याखालच्या तोलाबद्दल बोलायला हे गाव काही परकं नाही.

आणि दुसरं कारण सांगतो. या विषयातली जी मुख्य गोष्ट आहे ती समजायला तुम्ही लोक फार सोयीचे आहात, कारण तुम्ही उसाची गाडी भरलेली पाहिली आहे. बैलगाडीत ऊस पुढे जास्त झाला की गाडी धुरजड होते, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे जास्त झाला की उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायची वेळ येते. एकूण वजन तेच, टनभर असेल तर टनभरच. फरक फक्त ते आखाच्या कुठल्या बाजूला पडलं याचा. पाण्याखाली माणसाचं हेच होतं. तिथे आख म्हणजे साधारण बरगड्यांच्या खालचा भाग, जिथे फुप्फुसांमुळे पाणी माणसाला वर उचलत असतं. शिसं कमरेला बांधलं की पाय खाली जातात, छाती वर राहते. उलाळ गाडी!

पाण्यात उतरण्याचा इतिहास सहसा श्वासाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माणसाने हवा खाली कशी नेली, नळीने नेली, पंपाने नेली, सिलिंडरने नेली. पुस्तकं तशीच लिहिलेली असतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. हवेचा प्रश्न सुटला त्या प्रत्येक वेळी लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला: आता हा माणूस पाण्यात उभा राहील, आडवा राहील, का बुचासारखा वर जाईल? आणि हा दुसरा प्रश्न सोडवणारी माणसं बहुतेक बिननावाची आहेत.

सुरुवात दगडापासून करू. मन्नारच्या आखातात, म्हणजे तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामधल्या समुद्रात, मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दगडावर पाय ठेवून खाली जायचे. दगडाला दोर. पाणबुडा तळाशी पोचला की दगड सोडून द्यायचा, होडीतला सोबती तो वर ओढून घ्यायचा. यातलं शहाणपण बघा. खाली जायला वजन हवं आणि वर यायला नको, तर मग वजन अंगाला बांधायचंच नाही. वापरायचं आणि परत करायचं. ग्रीसचे स्पंज काढणारे लोक याच्याही एक पाऊल पुढे गेले. त्यांचा दगड चपटा, कडा गुळगुळीत केलेला. ‘स्कांदालोपेत्रा’ म्हणतात त्याला. तो हातात समोर धरून डोकं खाली करून जायचं आणि दगड जरा तिरका केला की आपणही तिकडे वळतो, सुकाणूसारखं. पाण्यात वजन कुठे धरलंय यावर दिशा ठरते हे त्यांना पक्कं माहीत होतं.

मग 1690 च्या दशकात एडमंड हॅली येतो, धूमकेतूवाला हॅली. त्याने माणसं बसवून खाली सोडायची लाकडी घंटा केली. उलटी बादली पाण्यात दाबली की आत हवा अडकते, तेच तत्त्व. पण उलटी बादली दाबून बघा कधी घरी. ती सरळ खाली जातच नाही, कलंडते आणि ‘भक्’ करून सगळी हवा निघून जाते. हॅलीने घंटेला बाहेरून शिशाचा पत्रा मारला आणि खालच्या काठाला वेगळी वजनं लावली, म्हणजे ती रिकामी असतानाही बुडेल आणि उभीच बुडेल. हवा वर, भार खाली. माझ्या मते घंटेतली खरी करामत त्या खालच्या काठावर होती, पण शाळेच्या पुस्तकात चित्र येतं ते हवेच्या पिंपांचं.

एकोणिसाव्या शतकात पितळी शिरस्त्राणाचा पोशाख आला. ऑगस्टस सीबे या लंडनच्या कारागिराने 1830 च्या दशकात तो पक्का केला. सिनेमात पाहिलाय तुम्ही, गोल काचेच्या खिडक्या, जाड कापडाचा अंगरखा, वरून पंपाने हवा. आता अख्खा पोशाख हवेने भरलाय म्हटल्यावर माणूस फुगाच झाला. त्याला खाली ठेवायला छातीवर आणि पाठीवर मिळून साधारण पस्तीस किलोच्या वर शिसं, शिवाय प्रत्येक बुटाच्या तळाला सात-आठ किलो. बुटांना कशाला? उत्तर तेच, गाडीचं. डोक्याजवळ हवा आहे, ती वर ओढते. पायाला शिसं आहे, ते खाली ओढतं. माणूस उभा राहतो, काम करतो. पण हाच पाणबुडा एकदा का घसरून आडवा झाला आणि पाय वर गेले, की हवा पायांकडे पळते. पाय फुगतात, डोकं खाली, आणि मग हातात काहीच उरत नाही. तो उलटाच्या उलटा वेगाने वर फेकला जातो. या अपघातात माणसं मेली आहेत. त्यावर उपाय काय काढला, तर पायांच्या मागच्या बाजूला नाड्या लावल्या आणि पोशाख पोटऱ्यांना घट्ट आवळला, म्हणजे तिथे हवेला जागाच राहू नये. एवढ्या मोठ्या यंत्रणेचा जीव बुटाच्या नाडीसारख्या नाडीवर!

आता विसावं शतक. कूस्तो आणि गान्यान या दोन फ्रेंचांनी 1943 मध्ये ‘ॲक्वालंग’ तयार केलं. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, श्वास ओढला की हवा येते, नाही ओढला की बंद. पॅरिसजवळ मार्न नदीत कूस्तोने ते पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा काय झालं? आडवा पोहताना ठीक. उभा राहिला की हवा फुकट बाहेर वाहायची. डोकं खाली केलं की श्वास ओढायला जड. म्हणजे श्वासाच्या यंत्राची पहिली तक्रार अंगाच्या स्थितीबद्दल होती! हवा बाहेर टाकायचं तोंड आणि आत घेणारा पडदा यांच्या उंचीत फरक पडला की पाण्याचा दाब दोन्हीकडे वेगळा लागतो. त्यांनी ती दोन्ही शेजारीशेजारी आणली आणि काम झालं. कुठला तरी भाग दोन-चार इंच हलवला, इतकंच. तोलाच्या इतिहासात बहुतेक शोध हे असेच, काहीतरी दोन-चार इंच सरकवण्याचे.

यानंतरची साखळी फार मजेची आहे, ती जरा सावकाश सांगतो. थंडी वाजते म्हणून अमेरिकेत ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा ओला पोशाख सुचवला. निओप्रीन म्हणजे रबरात बारीक बारीक हवेचे बुडबुडे. ऊब मिळाली, पण माणूस तरंगायला लागला. मग कमरेला शिशाचा पट्टा आला. वर ठीक. पण दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसून निम्म्यावर येतात, पोशाख पातळ होतो आणि वर उचलायची त्याची ताकद जाते. शिसं मात्र तेवढंच! म्हणजे वरती जे वजन बरोबर होतं ते खाली जास्त झालं, आणि माणूस आपोआप आणखी खाली जाऊ लागतो. जितका खाली जाईल तितका आणखी जड. कर्जासारखं आहे हे. (हशा)

त्याच्यात सिलिंडरची भर. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने जवळपास चोवीसशे लिटर हवा मावते. हवेला वजन असतं हे आपण विसरतो. एका लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास. चोवीसशे लिटर म्हणजे पावणेतीन-तीन किलो हवा. पाणबुडा ती खाली श्वासातून संपवतो आणि शेवटी दोन-सव्वादोन किलोने हलका होतो. ॲल्युमिनियमचं सिलिंडर असेल तर भरलेलं असताना बुडतं आणि रिकामं झालं की तरंगतं, तेही पाठीवर, म्हणजे वर ओढतंय ते पाठीमागून. पोलादी सिलिंडर रिकामं झालं तरी साधारणपणे बुडतंच. धातू बदलला की पट्ट्यातलं शिसं बदलावं लागतं. कारखान्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा हवं होतं ते असं काहीतरी, की ज्याने माणसाला खाली असताना आपलं तरंगणं कमीजास्त करता येईल. 1961 मध्ये फ्रान्सच्या मॉरिस फेंझीने गळ्यात अडकवायची फुगवता येणारी पिशवी काढली, सोबत हवेची छोटी कुपी. घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसायची. पृष्ठभागावर उत्तम, माणूस बेशुद्ध असला तरी तोंड आकाशाकडे राहणार. पण पाण्याखाली? हवा गळ्याशी, शिसं कमरेला. पुन्हा उलाळ. छाती वर, पाय लोंबते. म्हणून पुढे जॅकेट आले, त्यानंतर फक्त पाठीवर फुगणारे ‘विंग’ आले. ते पाण्याखाली माणसाला छान आडवं ठेवतात, पण वर आल्यावर तोंड पुढे ढकलतात. म्हणजे जीव वाचवणारी रचना आणि नीट पोहू देणारी रचना यांचं भांडण आहे, आणि ते आजही पूर्ण मिटलेलं नाही. दुकानदार सांगतात मिटलंय म्हणून. त्यांना माल विकायचाय.

आडवं राहण्याचं एवढं कौतुक का, असं वाटेल. त्याचं उत्तर फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या चुनखडीच्या गुहांमध्ये सापडतं. गुहेच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ. पाय खाली लोंबत असतील तर पायातल्या फिनचा एक फटकारा, आणि दोन मिनिटांत समोरचा हात दिसत नाही. बाहेरचा रस्ता दिसत नाही, वर जाऊ म्हटलं तर वर दगड आहे. शेक एक्सली या गुहांमध्ये उतरणाऱ्या माणसाने 1979 मध्ये अपघातांचा अभ्यास करून त्यावर लहानसं पुस्तक काढलं. त्याच मंडळींमध्ये पाठीला धातूची सपाट पाटी आणि एकाच सलग पट्ट्याचा हार्नेस रूढ झाला. विल्यम हॉगर्थ मेन याच्या नावाने तो अजून ओळखला जातो. त्यात विशेष काही नाही, आणि तेच विशेष आहे. एकच पट्टा, दोन्ही खांद्यांवरून, कमरेला बक्कल, आणि दोन पायांमधून मागून पुढे येणारा एक. या शेवटच्या पट्ट्याची लोकांना लाज वाटते, गैरसोय वाटते. पण तोच नसला तर माणूस तिरका झाला की सगळं ओझं मानेकडे सरकतं. आपल्याकडे ओझं लादताना जनावराच्या शेपटीखालून दोर घेतात, तो कशासाठी असतो? त्याच कामासाठी.

पाटी धातूची म्हणजे तिचंच दोन-अडीच किलो वजन, आणि ते फुप्फुसांच्या बरोबर वर बसलेलं. तेवढं शिसं कमरेवरून कमी झालं. इथे तरफेचा हिशेब येतो. आखापासून वीस सेंटिमीटरवर असलेलं चार किलो आणि चाळीस सेंटिमीटरवर असलेलं दोन किलो, दोन्ही सारखंच फिरवतात. म्हणून अनुभवी माणूस पाय खाली जातात म्हटल्यावर शिसं वाढवत नाही. तो सिलिंडर पट्ट्यात चार बोटं वर सरकवतो, किंवा पट्ट्यातलं एक किलो काढून सिलिंडरच्या गळ्याजवळ लावतो. डोकं खाली जात असेल तर उलट. आणि सिलिंडर आवळायचा नायलॉनचा पट्टा आधी ओला करायचा, मग ताणायचा. कोरडा ताणला तर पाण्यात सैल पडतो आणि सिलिंडर हळूच घसरतं. खांद्याचे पट्टे सैल असतील तर पाठीवरचं धूड एका कुशीवर लोळतं. इतक्या साध्या गोष्टी आहेत या.

किती शिसं घ्यायचं याचीही कसोटी सोपी. श्वास नेहमीएवढा घेऊन पाण्यात स्थिर उभं राहायचं, जॅकेट रिकामं. पाणी डोळ्यांपर्यंत यावं. श्वास सोडला की हळूच बुडावं. सिलिंडर भरलेलं असेल तर शेवटच्या हलकेपणासाठी दोन किलो वर. फक्त श्वासानेही माणूस हलका-जड होतो, म्हणून घाबरून छाती भरून ठेवणारा नवशिका बुडतच नाही, आणि मग त्याला आणखी शिसं बांधलं जातं. तो शांत झाला की तेच शिसं त्याला तळाशी आपटतं.

हे आपल्या मालवणला घडतंय, म्हणून सांगतोय. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. तारकर्लीला एमटीडीसीने प्रशिक्षणाचं केंद्र काढलं, तिथे पद्धतशीर शिकवतात. पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास सुट्टीत जाणारा पर्यटक काही शिकायला जात नाही, तो फोटो काढायला जातो. त्याला जादा वजन बांधून खाली नेणं सोपं पडतं. तळाशी जड राहतो, हलत नाही, फोटो चांगला येतो. पण तो उभा राहतो कशावर? प्रवाळावर. बोटाच्या पेरापेरानं वर्षानुवर्षं वाढणारा जीव आहे तो. पट्ट्यात दोन किलो जास्त म्हणजे प्रत्येक पर्यटकामागे चार-दोन पावलं प्रवाळावर, असा तो हिशेब आहे. मला ही गोष्ट प्लॅस्टिकच्या पिशव्यांइतकीच गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

जादा वजनाची सगळ्यात वाईट बाजू वेगळीच. शिशाच्या पट्ट्याला एका हाताने झटक्यात उघडणारं बक्कल असतं, ते संकटात पट्टा टाकून देण्यासाठी. मन्नारचा पाणबुडा दगड सोडून द्यायचा, तसंच. पण पाण्यात मरण पावलेल्या पाणबुड्यांच्या नोंदींमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते, की पट्टा अंगावर तसाच होता. हात तिथवर गेलाच नाही. काहींच्या हार्नेसचा पट्टा बक्कलवरून गेलेला होता, म्हणजे हात गेला असता तरी पट्टा सुटला नसता. म्हणून कुठला पट्टा कुठल्या पट्ट्याच्या वर, हा क्रम शिकवताना घोकून घेतात.

आता आपल्या पाण्याकडे येतो. उजनी. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं, भीमेचं पात्र पसरलं, पळसदेवचं देऊळ पाण्यात गेलं आणि दुष्काळात ते वर येतं तेव्हा आपण बघायला जातो. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. इथल्या बऱ्याच जणांना तो आठवडा आठवत असेल. एनडीआरएफचे जवान शोध घेत होते, स्थानिक मच्छीमारही होते. त्या पाण्यात शोध घेणं म्हणजे डोळ्यांचं काम नाही, हाताचं. गाळ, बुडालेल्या बाभळी, जुनी जाळी. अशा ठिकाणी लोंबणारा प्रत्येक पट्टा, बाजूला आलेलं प्रत्येक बक्कल जाळ्यात अडकतं.

आणि पाणी गोडं आहे. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण 1025 किलो, हे 1000. माणूस आणि सामान मिळून पंच्याण्णव किलो धरलं तर समुद्रात जेवढं शिसं लागतं त्यापेक्षा इथे सव्वादोन ते अडीच किलो कमी लागतं. समुद्रावर शिकून आलेला माणूस तोच पट्टा बांधून उजनीत उतरला तर तो पहिल्या मिनिटापासून जड. मोठ्या पाणबुडीलाही हे चुकत नाही बरं का. नदीच्या मुखाशी पाणी गोडं झालं की तिला टाक्यांमधलं पाणी बाहेर टाकून हलकं व्हावं लागतं, आणि पुढच्या-मागच्या टाक्यांमध्ये पाणी इकडून तिकडे करून नाक सरळ ठेवावं लागतं. धुरजड, उलाळ. शंभर किलोचा माणूस असो नाहीतर हजारो टनांचं जहाज.

इंदापूर-बारामतीकडे विहिरीत किंवा कालव्यात कुणी बुडालं की गावातला एखादा पट्टीचा पोहणारा बोलावतात. त्याच्याकडे सिलिंडर नसतं, पट्टा नसतो. काही जण दोराला दगड बांधून त्याच्या आधाराने तळाला जातात. मन्नारची तीच पद्धत, कुणी न शिकवता. या माणसांची नोंद कुठे नाही, मोबदलाही बहुतेक वेळा नाही. तालुक्याच्या पातळीवर चार माणसांना नीट शिकवून, गोड्या पाण्याचा हिशेब समजावून, दोन संच सामान ठेवायला फार खर्च येत नाही.

शेवटी एक विचारायचं आहे, आणि मग प्रश्न घेऊ. आपल्याकडे मुलं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधतात. डबा खांद्यांच्या मध्ये हवा. सुटून कमरेवर घसरला की पोराचं बूड वर आणि तोंड पाण्यात. म्हणून दोर नुसता कमरेला न बांधता काखेतूनही फिरवून घेतात. मला त्या गाठीत रस आहे. इथे बसलेल्या मोठ्या माणसांपैकी कुणाला ती नक्की कशी मारायचे हे आठवत असेल, तर पुढे या, दोर आणलाय मी, करून दाखवा.